रूळ आधी, गाडी मागाहून

मॉडेल रेल्वेचा नाद लागलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो प्रमाणाचा. एचओ घ्यावे की एन? प्रश्न चुकीचा नाही, पण त्याची पाळी दुसरी आहे. आधी ठरवायचे असते ते हे, की आपल्याला कोणती रेल्वे उभी करायची आहे. मुंबई-पुण्याकडच्या हौशी माणसाने हा विचार न करता डबा विकत आणला तरी फारसे बिघडत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे एकच रेल्वे असते, ब्रॉडगेजची. नांदेड-लातूरच्या माणसाचे तसे नाही. या दोन जिल्ह्यांनी तिन्ही गेज वापरली आहेत आणि साठीच्या आतबाहेरच्या कितीतरी लोकांनी तिन्हींतून प्रवास केला आहे. खरी गंमत अशी, की बाजारात तयार मिळणारे मॉडेलचे रूळ यातल्या दोन गेजांना चांगले बसतात आणि तिसऱ्याला, म्हणजे ज्याची सर्वांना हौस असते त्या ब्रॉडगेजला, नीट बसत नाहीत. म्हणून या लेखाचा सल्ला थोडा उलटा वाटेल: आधी रूळ ठरवा, मग प्रमाण आणि सगळ्यात शेवटी इंजिन.

प्रमाण आणि गेज या दोन गोष्टींची गल्लत फार होते, तिचा निकाल आधी लावू. प्रमाण म्हणजे मूळ वस्तू किती पटीने लहान केली ते. एचओमध्ये ८७ पट, एनमध्ये १६० पट, इंग्लंडमध्ये रुळलेल्या डबल-ओमध्ये ७६ पट. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटरचे, एनचे ९ मिलिमीटरचे. हे आकडे कुठून आले? युरोप-अमेरिकेतल्या प्रमाणित गेजवरून, म्हणजे १,४३५ मिलिमीटरवरून. त्याला ८७ ने भागले की साडेसोळा येतात, १६० ने भागले की नऊ. कारखान्यांनी रूळ केले ते त्यांच्या गिऱ्हाइकाच्या रेल्वेसाठी. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे, त्याचा विचार त्यांनी कशाला करावा? त्यामुळे आपल्याला दुकानातली पेटी उघडण्यापूर्वी भागाकार करून पाहावा लागतो, आणि तो कागदावर पाच मिनिटांत होतो.

आपल्या भागाचा रुळांचा इतिहास या भागाकाराला सरळ भिडतो. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मनमाड ते सिकंदराबाद मार्ग १९०० च्या आसपास नांदेडवरून गेला तो मीटरगेज, म्हणजे १,००० मिलिमीटरचा. मनमाडकडून त्याचे रुंदीकरण १९९० च्या दशकात सुरू झाले. पूर्णा-अकोला हा फाटा तर २००८ पर्यंत मीटरगेजच होता. लातूरला आली ती बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने कुर्डुवाडी ते बार्शी हा अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरचा मार्ग १८९७ मध्ये सुरू केला आणि १९११ मध्ये ती गाडी लातूरला पोचली. मिरजेपर्यंतचे टोक १९२७ मध्ये जोडले गेले, १९५४ मध्ये कंपनी सरकारजमा झाली, आणि लातूर ते धाराशिव २००७ मध्ये व धाराशिव ते कुर्डुवाडी २००८ मध्ये ब्रॉडगेज झाले. त्याच लातूर जिल्ह्यात लातूर रोड आणि उदगीरवरून जाणारा विकाराबाद-परळी मार्ग मात्र आधीपासून ब्रॉडगेज. एवढ्याशा टापूत तीन मापांचे रूळ! मॉडेलवाल्याला यापेक्षा अधिक काय हवे?

आता भागाकार. एचओच्या ८७ पटीत बार्शी लाइटचे ७६२ मिलिमीटर होतात पावणेनऊ मिलिमीटर. बाजारात मिळणारा एनचा रूळ नऊचा. फरक पाव मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे तीन टक्के. भिंग लावूनही तो कुणाला सांगता येणार नाही. युरोपात डोंगराळ भागातल्या छोट्या रेल्वे याच मेळाने करतात, आणि त्यासाठी नऊ मिलिमीटरचाच, पण एचओच्या मापाचे स्लीपर दूर दूर लावलेला रूळ वेगळा विकतात. तिकडे त्याला एचओई म्हणतात. नांदेडच्या मीटरगेजचे ८७ पटीत साडेअकरा मिलिमीटर होतात. १२ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो, त्याचे नाव एचओएम. फरक साडेचार टक्के, चालण्यासारखा. ब्रॉडगेजचे मात्र सव्वाएकोणीस होतात आणि हातात पडतात साडेसोळा. म्हणजे रूळ चौदा टक्क्यांनी अरुंद. एनमध्येही हीच कथा: हवेत साडेदहा, मिळतात नऊ.

चौदा टक्के म्हणजे डोळ्याला किती, हे सांगायचे तर डब्याच्या रुंदीशी तुलना करावी लागते. आपला ब्रॉडगेजचा डबा साधारण सव्वातीन मीटर रुंद, म्हणजे रुळांच्या अंतराच्या एक पूर्णांक चौऱ्याण्णव पट. तोच डबा एचओमध्ये नेमका ८७ पट लहान करून साडेसोळाच्या रुळावर ठेवला की ते गुणोत्तर सव्वादोनच्या वर जाते. जुन्या मीटरगेजच्या डब्याचे गुणोत्तर पावणेतीनच्या जवळ होते. म्हणजे मॉडेलमधली आपली ब्रॉडगेज गाडी मीटरगेजच्या दिशेने दोन पंचमांश वाट चालून गेलेली असते. धिप्पाड माणूस बुटक्या चौरंगावर बसावा तशी ती दिसते. ज्याने नांदेड स्थानकात दोन्ही गाड्या पाहिल्या आहेत त्याला काय चुकले ते शब्दांत सांगता येणार नाही, पण खटकेल नक्की. डबल-ओमध्ये तर हे दुखणे जवळजवळ दुप्पट होते: ७६ पटीत ब्रॉडगेजला २२ मिलिमीटर लागतात, आणि रूळ तोच साडेसोळाचा. पाव हिस्सा गायब.

म्हणून माझा कौल असा आहे: मराठवाड्यातल्या माणसाने प्रमाण एचओ घ्यावे आणि सुरुवात नऊ मिलिमीटरच्या रुळावर, बार्शी लाइटपासून करावी. रूळ बिनचूक बसतो हे एक कारण झाले. दुसरे कारण लांबीचे आहे, आणि घरात मॉडेल मांडणाऱ्याला ते पहिल्यापेक्षा मोठे. सध्याचा एलएचबी डबा कपलरसकट सुमारे २४ मीटरचा. एचओमध्ये तो २७.५ सेंटिमीटर होतो. बावीस डब्यांची गाडी सहा मीटर. दहा बाय बाराच्या खोलीची लांब भिंत आहे ३.६६ मीटर. याउलट नॅरोगेजचा बोगी डबा ४० फुटांचा धरला तर एचओमध्ये तो १४ सेंटिमीटर होतो, आणि इंजिनासह सहा डब्यांची पुरी गाडी एका मीटरच्या आसपास मावते. ब्रॉडगेजची गाडी खोलीत आणायची तर ती कापावीच लागते, पाच डब्यांवर आणून तिला एक्स्प्रेस म्हणावे लागते. नॅरोगेजची गाडी कापावी लागत नाही. मूळची जेवढी होती तेवढीच ती टेबलावर येते, आणि छोटी गाडी मोठ्या गाडीचा आव आणत नाही म्हणूनच खरी वाटते.

वळणांचेही तसेच. लांब डब्यांना एचओमध्ये ६० सेंटिमीटर त्रिज्येचे वळण तरी द्यावे; त्याहून आखडते दिले तर गाडी धावेल, पण डब्यांची टोके रुळाबाहेर इतकी लोंबतात की शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासतात. ६० च्या त्रिज्येचा पुरा वळसा घ्यायला सव्वाचार ते साडेचार फूट रुंदीची फळी लागते, आणि भिंतीला लावलेल्या तेवढ्या फळीच्या पलीकडच्या कडेला घसरलेल्या डब्यापर्यंत हात पोचत नाही. माणसाचा हात अडीच फुटांपलीकडे आरामात जात नाही हे मॉडेल रेल्वेतले सगळ्यांत दुर्लक्षित माप आहे. नऊ मिलिमीटरच्या रुळावर २५ ते ३० सेंटिमीटर त्रिज्येची वळणे सर्रास वापरतात आणि आखूड डबे ती सुखाने घेतात. अडीच बाय चार फुटांच्या टेबलावर लातूरचे टोकाचे स्थानक, एक मालधक्का आणि एक पुरा वळसा बसतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो एनवाल्यांचा. जागाच कमी आहे तर सरळ एन घ्या, नांदेडची आजची गाडी त्यात करा, हे कुठे गेले? जरा मोजू. एनमध्ये तो एलएचबी डबा १५ सेंटिमीटरचा, बावीस डबे ३.३ मीटरचे. म्हणजे बारा फुटी भिंतीवरही गाडी उभी केली की वळणाला जागा उरत नाही. गाडी इथेही कापायचीच, फक्त कमी. बदल्यात हलकी इंजिने आणि बारीक चाके पदरात पडतात. चाक जितके बारीक आणि इंजिन जितके हलके, तितकी धूळ त्याला जास्त छळते, कारण वीज रुळातून चाकावाटेच वर चढायची असते. उन्हाळ्यात आपल्याकडे काळ्या मातीची जी मऊ धूळ बंद खिडक्यांतूनही आत येते, ती एनच्या गाडीला दर पाऊण फुटावर थांबवू शकते. मग चतुर वाचक विचारेल, की नऊ मिलिमीटरच्या रुळावर धावणारी नॅरोगेज गाडीही एनच्याच यंत्रावर चालते ना? बरोबर आहे. पण तिची वरची बॉडी एचओची, म्हणजे आत जागा जास्त; शिशाचे तुकडे भरून इंजिन दीडपट जड करता येते. शिवाय तिने सावकाशच चालायचे असते. बार्शी लाइटचे वेळापत्रक आठवणाऱ्यांना यात काही खटकू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रमाणाच्या बाजारात आता टीटी म्हणजे १२० पटीचे मॉडेल पुन्हा आले आहे. हॉर्नबी कंपनीने २०२२ मध्ये त्यात उडी घेतली. १२० पटीत मीटरगेजला सव्वाआठ आणि नॅरोगेजला सव्वासहा मिलिमीटर लागतात, आणि नऊचा व साडेसहाचा रूळ बाजारात आहे. मग एचओच का? कागदावर हा मेळ खरोखर चांगला आहे, आणि मीटरगेजच ज्याचे ध्येय आहे त्याने त्याचा विचार जरूर करावा, कारण नऊचा रूळ व त्यावरची यंत्रे सर्वांत सहज मिळतात. पण बार्शी लाइट साडेसहाच्या रुळावर आली की तिचे इंजिन झेड या आणखी लहान प्रमाणाच्या यंत्रावर बसवावे लागते. ती यंत्रे मोजकी, महाग आणि बोटाच्या पेराएवढी. दुरुस्तीला घरच्या घरी हात घालता येणार नाही असे यंत्र लातुरात बसून घेऊ नये; ते बिघडले तर पार्सल पुण्याला की परदेशात पाठवायचे हा प्रश्न उरतो.

तिसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा: रूळ अरुंद आहे ना, मग ब्रॉडगेजचा सव्वाएकोणीसचा रूळ हाताने घाला. घालता येतो. लाकडी पट्ट्यांचे किंवा तांब्याच्या मुलाम्याच्या सर्किट बोर्डाचे स्लीपर कापून त्यावर रूळ डाख देऊन बसवणारे लोक जगभर आहेत. पण मग प्रत्येक इंजिनाचे व डब्याचे आस बदलावे लागतात, प्रत्येक सांधा, म्हणजे गाडी रूळ बदलते ती जागा, स्वतः घडवावा लागतो, आणि विकत आणलेली एकही गाडी पेटीतून काढून थेट चालत नाही. दहा वर्षे हाताशी असलेल्याने हे करावे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला ब्रॉडगेज हवेच असेल तर त्याने साडेसोळाचा चौदा टक्के खोटेपणा मुकाट्याने पत्करावा, आणि तोही एचओमध्येच.

कारण चौथा आक्षेप सगळ्यांत खरा आहे, आणि तो घरातलाच असतो. पोरांना बार्शी लाइट नको असते. नांदेडहून वंदे भारत सुटते, लातूरजवळ हरंगुळला डबे बनवायचा कारखाना आहे, २०२० च्या डिसेंबरात त्यातून पहिला सांगाडा बाहेर पडला. आणि तुम्ही आजोबांच्या गाडीत रमणार? या आक्षेपाला मी पाडाव करण्याजोगे उत्तर देत नाही, वाट काढून देतो. एचओचा खरा फायदा इथे हाती लागतो: ८७ पट हे एकच प्रमाण तीन रुळांवर चालते, नऊ, बारा आणि साडेसोळा. माणसे, बैलगाड्या, फलाट, पाण्याची टाकी, कडुनिंबाची झाडे सगळी एकाच मापाची राहतात. आज नॅरोगेज मांडून उद्या शेजारी ब्रॉडगेजचा एक रूळ टाकला की कुर्डुवाडी तयार होते, जिथे मुंबई-सोलापूर मार्गाच्या मोठ्या वाघिणीतून छोट्या वाघिणीत पोती उतरत असत. मोठी आणि छोटी वाघीण एकाच फलाटाच्या दोन बाजूंना उभी राहिली की गेज म्हणजे काय ते पोराला समजावून सांगावे लागत नाही.

आणि ब्रॉडगेजच हवे असेल तर वंदे भारतपेक्षा चांगली गाडी लातूरपाशी आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली जलदूत. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या खेपेत दहा टाक्या होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, मिळून पाच लाख लिटर. ती टाकीची वाघीण बारा-साडेबारा मीटरची, एचओमध्ये १४ सेंटिमीटर. दहा वाघिणी दीड मीटरच्या आत. पुरी गाडी, एकही वाघीण न कापता, बारा फुटी भिंतीवर मावते, आखूड असल्यामुळे ४५ सेंटिमीटरचे वळणही घेते, आणि नळकांडी आकारामुळे डब्याच्या रुंदीचा तो खोटेपणा डोळ्यांत फारसा भरत नाही. शिवाय ती आली कुर्डुवाडीवरून, म्हणजे जुन्या बार्शी लाइटच्याच वाटेने. एका फळीवर १९५० चे लातूर आणि दुसऱ्या फळीवर २०१६ चे लातूर असे मांडले तर त्यात मराठवाड्याची अर्धी कहाणी येते.

नांदेडकरांना मात्र मीटरगेजबद्दल खरे ते सांगायला हवे. १२ मिलिमीटरचा रूळ मिळतो, पण त्यावर चालणारी तयार मॉडेले बहुतेक स्विस डोंगरी रेल्वेची असतात आणि महाग असतात. आपली वायपी, वायजी ही वाफेची इंजिने किंवा वायडीएम-४ हे डिझेल हवे तर खालचे यंत्र विकत घेऊन वरची बॉडी स्वतः करावी लागेल, पत्र्याची, प्लॅस्टिकच्या शीटची किंवा थ्रीडी प्रिंटरवर. साडेएकोणीस मीटरचा मीटरगेज डबा एचओमध्ये साडेबावीस सेंटिमीटरचा होतो, म्हणजे जागाही ब्रॉडगेजच्या जवळपासच लागते. बॉडीचे काम नॅरोगेजलाही चुकत नाही, पण तिथे खालचे यंत्र एनचे, सहज मिळणारे. बार्शी लाइटकडे पुढच्या काळात २-८-२ चाकरचनेची इंजिने होती. एनमधल्या अमेरिकन २-८-२ इंजिनाचे मोठे चाक दहाएक मिलिमीटरचे असते. ८७ ने गुणले की ८७० मिलिमीटर होते, नॅरोगेजला शोभेल असे. वरचा अमेरिकन बाज उतरवला की खाली बऱ्यापैकी पाया मिळतो.

आता रुळांची जात. बाजारात दोन घराणी आहेत. एकात रूळ खडीसारख्या प्लॅस्टिकच्या बैठकीवर बसवूनच येतो, तुकडे खटाखट जोडायचे; जपानी काटोचा युनिट्रॅक हे त्याचे उत्तम उदाहरण. दुसऱ्यात लवचिक रूळ, एक यार्डाची म्हणजे ९१४ मिलिमीटरची पट्टी, हवी तशी वाकवायची, कापायची आणि खडी स्वतः टाकायची. इंग्लंडच्या पेको कंपनीचा हा माल जगभर चालतो. ज्याच्याकडे कायमची खोली नाही, दिवाळीच्या सुटीत मांडून नंतर कपाटावर ठेवायचे आहे, त्याने निःसंकोच बैठकीचा रूळ घ्यावा. विजेचे जोड पक्के राहतात आणि फरशीवरची धूळ यंत्रात जात नाही. ज्याला गाव उभे करायचे आहे त्याने लवचिक. बार्शी लाइटला तर बैठकीचा रूळ विसंगतच दिसतो, कारण त्यावरची खडी दोन्ही बाजूंनी नीट उतरती, जणू कालच मुकादमाने दोरी लावून घेतलेली. नॅरोगेजच्या यार्डात रूळ मातीत आणि गवतात अर्धे गाडलेले असत.

या गाडलेल्या रुळांमुळे आणखी एक दोष झाकला जातो. मॉडेलच्या रुळाची उंची कोड या आकड्यात सांगतात, कोड ७५ म्हणजे इंचाचे ७५ सहस्रांश, १.९ मिलिमीटर. एचओमध्ये तो मूळचा १६५ मिलिमीटर उंच होतो. आपला ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो, म्हणजे ब्रॉडगेजला कोड ७५ चपखल. कोड १०० घेतला तर मूळची उंची २२० वर जाते आणि रूळ तुळईसारखे दिसतात. नॅरोगेजला अडचण उलटी येते. कॅल्थ्रॉपची सगळी करामत अशी होती, की इंजिन असो वा वाघीण, प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही. म्हणजे यार्डाला ३० पौंडांचा हलका रूळही पुरतो. तो रूळ उंचीला जेमतेम ८० मिलिमीटरच्या आसपास. आणि नऊ मिलिमीटरचा बाजारातला रूळ बहुधा कोड ८०, मूळच्या मापात १७५ मिलिमीटरच्या पुढे. दुपटीहून उंच. इलाज सोपा: रूळ बाजूंनी गंजाच्या रंगाने रंगवायचा, मग चाळून घेतलेली बारीक काळी माती पातळ फेव्हिकॉलमध्ये धरवून रुळाच्या माथ्याच्या थोडी खालपर्यंत भरायची. माथा तेवढा चकचकीत ठेवायचा. आतल्या बाजूला मात्र चाकाच्या कडेला वाट ठेवायची, नाहीतर पहिलीच गाडी मातीवर चढते.

धातूबद्दल एकच आग्रह: निकेल सिल्व्हर. स्वस्त पेट्यांतून पोलादी किंवा पितळी रूळ येतात. पोलाद आपल्या पावसाळ्यात गंजते आणि पितळेवर जो थर चढतो तो वीज अडवतो. निकेल सिल्व्हरही काळवंडते, पण वीज बऱ्यापैकी सोडते आणि पुसले की झाले. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. घासकागद नको, त्याच्या चऱ्यांत धूळ आणखी बसते.

उन्हाची गोष्ट परदेशी पुस्तकांत सापडत नाही, कारण त्यांच्या खोल्या अशा तापत नाहीत. नांदेड-लातूरकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखालची खोली त्याहून तापते. एक मीटर निकेल सिल्व्हरचा रूळ २५ अंशांच्या फरकाला सुमारे ०.४ मिलिमीटर वाढतो. डिसेंबरात रूळ अगदी भिडवून घातले आणि सगळे जोड डाख देऊन पक्के केले, तर चार मीटरच्या सरळ मार्गावर दीड मिलिमीटरहून जास्त वाढीला जागा उरत नाही आणि मे महिन्यात रूळ सापासारखा बाजूला सरकतो. म्हणून थंडीत काम करत असाल तर दर पट्टीच्या जोडात जाड लग्नपत्रिकेच्या जाडीएवढी फट ठेवा. फिशप्लेटला डाख न देता प्रत्येक पट्टीला स्वतंत्र वायर द्या. रूळ मे महिन्यात घालत असाल तर भिडवून घाला, थंडीत फट आपोआप पडेल. फळीसाठी एमडीएफ टाळावे, पाणी लागले की ते फुगते. १२ मिलिमीटरचे पाण्याला टिकणारे प्लायवुड आणि खाली सागाची किंवा पोकळ लोखंडी चौकट. वाळवीचा विचार केला तर लोखंड बरे.

खर्चाचे गणितही निवडीवर परिणाम करते. आयात खेळण्यांवरचे सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० वर नेले गेले, आणि रेल्वेची मॉडेले त्याच खात्यात मोडतात. दरांची रचना बदलत असते. मागवण्याआधी विक्रेत्याकडून शुल्कासकट किंमत लिहून घ्यावी. पण दिशा स्पष्ट आहे: परदेशी माल जितका कमी लागेल तितके बरे. लवचिक रुळाच्या सहा पट्ट्या, तीन सांधे आणि एक चांगले यंत्र एवढेच बाहेरून आणून बाकीचे डबे, फलाट, इमारती घरी करता येतात असा पर्याय म्हणजे नॅरोगेज. सांधे मात्र स्वस्तातले घेऊ नयेत. गाडी घसरते ती बहुतेक वेळा सांध्यावर, आणि मधला तुकडा प्लॅस्टिकचा असलेल्या सांध्यावर छोटे इंजिन विजेअभावी अडते. मधला तुकडा धातूचा असलेले सांधे घ्या आणि त्याची ध्रुवता बदलणारी कळ खाली बसवा. एक इंजिन असेपर्यंत साधा १२ व्होल्टचा कंट्रोलर पुरे. डिजिटलचा विचार दुसऱ्या इंजिनाच्या वेळी.

पुण्याला जाणे होईल तेव्हा कोथरूडचे जोशी रेल्वे संग्रहालय बघून या. भाऊसाहेब जोशींनी घडवलेले आणि १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झालेले ते मॉडेल पाहताना गाड्यांकडे कमी आणि वळणांकडे जास्त लक्ष द्या: लांब डबा वळणावर किती बाहेर झुकतो, फलाट त्यापासून किती दूर ठेवावा लागतो. परत आल्यावर, काहीही मागवण्याआधी, घरातली एक खोली रिकामी करा. मराठवाड्यातल्या बहुतेक जुन्या घरांत शहाबादी फरशी असते, दोन फुटी चौकोनांची. आयता आलेखकागदच तो. खिळ्याला सुतळी बांधून खडूने आधी ६० सेंटिमीटरचे वळण काढा, मग ३० चे. स्थानकाच्या जागी एक मीटरची रेघ ओढा. दोन दिवस ती तशीच राहू द्या, घरातले लोक त्यावरून कसे ये-जा करतात ते बघा. ६० च्या वळणाला दाराची कडी लागत असेल, तर तुमचा रूळ नऊ मिलिमीटरचा आहे.